विंचू चावला तर सुपरहिरो होतो का?

मे महिन्यात देवगडला माहेरी गेले की रात्रीची जेवणं आटपल्यावर पडवीत सतरंजी पडते आणि मुलं एका मोबाइलभोवती गोळा होतात. गेल्या वर्षी असाच सगळ्यांनी मिळून एक सुपरहिरोचा सिनेमा पाहिला. पोराला कोळी चावतो, रात्रभर ताप भरतो, सकाळी उठतो तर अंगात दहा माणसांचं बळ. सिनेमा संपल्यावर माझा नऊ वर्षांचा भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्ये, माका विंचू चावलो तर मी काय होतलंय?"

कुणी हसलं नाही. दोनच वर्षांपूर्वी त्याच्या मोठ्या चुलतभावाला खरोखरच विंचू चावला होता. चेंडू गडग्याच्या, म्हणजे रचलेल्या दगडांच्या कुंपणाच्या, फटीत गेला, पोराने हात घातला. पंधरा मिनिटांत त्याचा शर्ट घामाने पिळून निघण्याइतका ओला झाला, दोनदा उलटी झाली, आणि हात हातात घेतला तर बर्फासारखा गार. तो गारवा मला आजही आठवतो. आई पडवीच्या कोपऱ्यातून म्हणाली, "तू पयलो दवाखान्यात जातलंस."

आईचं उत्तर अचूक होतं, पण पोराचा प्रश्नही खरा होता, म्हणून तो नीट उलगडून सांगायचा हा प्रयत्न. सुपरहिरोची जन्मकथा, म्हणजे साध्या माणसाला शक्ती मिळते तो भाग, वास्तववादी करायची म्हटलं की बरेच जण पडदा काळोखा करतात, पाऊस पाडतात, नायकाला उदास करतात. माझ्या मते वास्तव म्हणजे हिशोब. शक्ती कुठून आली, कशावर चालते, आणि तिची किंमत कोणत्या अवयवाने, कोणत्या माणसांनी मोजली, हे सांगितलं की ती गोष्ट आपल्या वाडीत घडल्यासारखी वाटते.

जन्मकथेतलं कारण काळाप्रमाणे बदलत आलं आहे. १९३८ साली सुपरमॅन आला तो परग्रहावरून, शक्ती जन्मापासून अंगात घेऊन. १९६२ साली स्पायडरमॅन आला तेव्हा जग अणुबॉम्बच्या धास्तीत होतं, म्हणून त्याला चावलेला कोळी किरणोत्सारी होता. २००२ सालच्या सिनेमात तोच कोळी जनुकं बदललेला झाला, कारण तोवर लोकांच्या मनात जनुकशास्त्राचं कुतूहल आणि भीती दोन्ही शिरली होती. जे कळत नाही आणि ज्याची भीती वाटते, त्याच्याच पोटी त्या त्या काळाचा नायक जन्मतो.

किरणोत्सर्गाचं खरं काय? संपूर्ण शरीराला ४ ते ५ सीव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं एकक) इतका मारा एकदम बसला आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. आधी हाडांतला मगज रक्त तयार करायचा थांबतो, मग आतड्यांचं अस्तर सुटतं. त्यातून बळ येत नाही. आणि समजा एखाद्या पेशीतल्या जनुकात चांगला बदल झालाच, तरी तो त्या एका पेशीत. माणसाच्या शरीरात साधारण ३० लाख कोटी पेशी आहेत.

हे आमच्या भागात समजावणं सोपं जातं, कारण कलम सगळ्यांना माहीत असतं. रायवळ आंब्याच्या मोठ्या झाडाच्या एका फांदीवर हापूसची काडी बांधली, तर त्या फांदीला हापूस लागेल. बाकीचं झाड रायवळच राहील. सगळं झाड हापूसचं हवं असेल तर सुरुवात कोवळ्या रोपापासून करावी लागते. जनुकांचंही तसंच आहे. बदल गर्भाच्या पहिल्या पेशीत झाला तर तो अंगभर पसरतो. तेरा वर्षांच्या मुलाला कुणी चावल्यावर फार तर एक फांदी बदलेल, झाड नाही. मोठ्या माणसाची जनुकं बदलायचे उपचार आज खरोखर आहेत. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या तशा उपचाराला २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या पेशी बाहेर काढतात, त्यांच्यात बदल करतात, मग जबर औषधं देऊन मगजातल्या जुन्या पेशी मारतात आणि नव्या सोडतात. केस गळतात, आठवडेच्या आठवडे रुग्णालयात काढावे लागतात. एका रात्रीच्या तापात उरकणारं हे काम नव्हे. पण एखादा दिग्दर्शक हे सगळं धीराने दाखवेल तर मी पहिल्या रांगेत बसून बघेन.

आता विंचू. आमच्याकडचा लाल विंचू जांभ्याच्या फटींत, गडग्यात, लाकडांच्या ढिगाऱ्यात, कौलांखाली राहतो. उकाडा वाढला की बाहेर पडतो. त्याच्या विषाने जे होतं, ते कुठल्याही पटकथेपेक्षा नाट्यमय आहे.

आपल्या नसांच्या पेशींवर सोडियम आत घेणारी बारीक दारं असतात. निरोप जाताना दार क्षणभर उघडतं आणि लगेच मिटतं. विंचवाचं विष त्या दारात पाचर मारल्यासारखं बसतं, दार नीट मिटतच नाही. नस एकदा वाजली की वाजतच राहते. सुरुवातीला घाम, लाळ, उलट्या. मग मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना आणि नसांच्या टोकांना हुकूम जातो आणि ॲड्रेनलिन व त्याचं भावंड नॉरॲड्रेनलिन यांचा रक्तात लोंढा येतो. जीव वाचवण्यासाठी पळताना, कुत्रा मागे लागल्यावर अंगात येतं ते हेच रसायन, पण इथे बेहिशोबी. अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हात-पाय गार पडतात. बागेच्या पंपाचा पाइप पुढे कुणीतरी पायाखाली दाबून धरावा आणि पंप मात्र चालूच असावा, तशी हृदयाची अवस्था होते. ते जीव तोडून ढकलतं, थकतं, आणि मागे तुंबलेलं पाणी फुप्फुसांत उतरतं. शेवटी तोंडाला गुलाबी फेस येतो.

म्हणजे विषाने अंगात बळाचं रसायन भरपूर ओतलं, सिनेमात दाखवतात तसंच. पण मारतं तेच. मला या विषयातली सगळ्यात खोल गोष्ट हीच वाटते. शक्तीचा पूर आणि मरण यांची सुरुवात एकाच रसायनातून होते. फरक मात्रेचा असतो.

आणि इथून पुढची खरी जन्मकथा कोकणातच घडलेली आहे. १९७०च्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी विंचू चावून गंभीर झालेल्यांपैकी साधारण २५ ते ३० टक्के रुग्ण दगावत, त्यात मुलं फार. बावस्करांनी खाटेशेजारी बसून एकेका रुग्णाची नाडी, रक्तदाब, घाम, श्वास टिपून ठेवला. वेदनेने ओरडणाऱ्यापेक्षा, घामाने निथळणारा आणि हात-पाय गार पडलेला रुग्ण जास्त धोक्यात असतो, हे त्यातून पुढे आलं. १९८२ साली त्यांची ही निरीक्षणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. मग प्रश्न उरला तो पाइप मोकळा करण्याचा. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी तेव्हा बाजारात होती. नॉरॲड्रेनलिन रक्तवाहिनीच्या ज्या जागी बसून ती आवळतं, नेमकी ती जागा ही गोळी अडवते. वाहिन्या सैल पडतात, हृदयावरचा भार उतरतो. १९८६ साली त्यांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासोबत याबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. हे उपचार रुळल्यावर मृत्यूंचं प्रमाण १ टक्क्याच्या घरात आलं. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. आज विंचवाचं प्रतिविषही मिळतं.

आमच्या पोराला शेजाऱ्यांच्या रिक्षातून आरोग्य केंद्रात नेलं, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात आधी त्याच्या तळव्यांना हात लावून पाहिला. मग गोळी दिली आणि बजावलं, काहीही झालं तरी याला उठून बसू द्यायचं नाही. या गोळीनंतर एकदम उभं राहिलं तर रक्तदाब कोसळतो. रात्रभर माझा भाऊ त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसून होता. दर अर्ध्या तासाने नर्सताई येऊन पट्टा बांधायच्या, आकडा लिहायच्या. पहाटे पाय कोमट लागले. दुपारी त्याने पेज मागितली. मला सिनेमा करायला मिळाला तर त्यातला सगळ्यात लांब प्रसंग हा असेल: आडवा पडलेला नायक, आणि गार तळवा हळूहळू ऊबदार होताना.

(विंचू चावला तर जागा कापू नये, घट्ट दोरी आवळू नये, मंत्र आणि मुळ्यांत वेळ घालवू नये. मूल असेल तर घाम किंवा उलटीची वाटही बघू नये, सरळ दवाखाना गाठावा.)

विजेचं थोडक्यात सांगते, कारण तीही सिनेमात फार वापरली जाते. वीज अंगावर पडलेली बरीच माणसं वाचतात, पण कानाचे पडदे फाटलेले, नसा दुखावलेल्या, कुणाची स्मरणशक्ती गेलेली, कुणाला पुढे मोतीबिंदू झालेला. बोटांतून ठिणग्या कुणाच्याच निघत नाहीत.

समजा शक्ती कशीही आली. आता ती वापरायची वेळ. घाटात एसटी दरीत घसरली आहे आणि आमचा नायक ती उचलून १० मीटर वर आणतो. एसटी धरू १० टनांची. शाळेतलं सूत्र लावलं, वजन गुणिले गुरुत्व गुणिले उंची, तर जवळपास १० लाख ज्यूल काम होतं. आहाराच्या भाषेत साधारण २३५ कॅलरी. इतकंच? हो, इतकंच. पण स्नायू खाल्लेल्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा कामात उतरवतात, म्हणून प्रत्यक्षात साडेनऊशेच्या आसपास कॅलरी जळतील, म्हणजे नऊ-दहा चपात्या. उरलेल्या सातशे कॅलरी अंगात उष्णता म्हणून राहतील. ६० किलोच्या शरीराचं तापमान त्याने सुमारे १४ अंशांनी चढेल, ३७ वरून ५१ वर. माणसाचा मेंदू ४२ च्या पुढे तग धरत नाही. एसटी वर येईल, नायक आतून शिजलेला असेल.

पायांचंही बघा. १० टन दोन तळव्यांवर आले तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २५ किलोचा दाब येतो, मोटारीच्या टायरमध्ये हवा असते त्याच्या दहा-बारा पट. आषाढातल्या लाल मातीत तो गुडघ्यापर्यंत रुतेल.

मग वास्तववादी लेखकाने काय करावं? माझं म्हणणं, शक्ती कमी करावी. दहा हत्तींच्या जागी तीन माणसांचं बळ द्यावं आणि त्याला किनाऱ्यावर रापण, म्हणजे समुद्रात सोडून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला उभं करावं. रापणीचा दोर कितीतरी जण मिळून ओढतात, वाळूत टाचा रोवून, एका लयीत, आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. त्या रांगेत एक पोरगा तिघांचं ओढायला लागला तर सगळ्यात आधी शेजारच्याच्या हातातला दोर सैल पडेल. त्याला ते कळेल. संध्याकाळी प्रश्न येईल: या पोराला वाटा किती? एक दिला तर त्याच्यावर अन्याय, तीन दिले तर म्हाताऱ्या रापणकरांच्या पोटावर पाय. एकही इमारत न पाडता इथे गोष्ट पेट घेते.

भिंतीवर चढण्याबद्दल मुलं हमखास विचारतात, कारण पाल रोज दिसते. पालीच्या पायांना डिंक नसतो. तिच्या बोटांवर लाखो अतिसूक्ष्म केस असतात, त्यांची टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात की रेणूंमधलं क्षीण आकर्षणही तिला धरून ठेवायला पुरतं. माणसाला हे का जमत नाही? गॅलिलिओने १६३८ सालीच लिहून ठेवलेल्या नियमामुळे. प्राणी दुप्पट लांब झाला की त्याचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. चिकटायला लागतं क्षेत्रफळ, खाली खेचतं वजन. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली हिशोब मांडला, की माणसाला पालीसारखं भिंतीवर चालायचं तर त्याच्या अंगाचा ४० टक्के भाग चिकट असावा लागेल. फक्त पायांवर भागवायचं तर युरोपी मापाने १४५ नंबरचे बूट. भाच्याने हे ऐकून स्वतःच्या पायाकडे बराच वेळ पाहिलं.

पण तो विहिरीत उतरतो ना. जांभ्याची विहीर आतून भोकाभोकांची असते, बोट रुततं, अंगठा टेकतो. कोंडाण्याच्या आख्यायिकेतली घोरपडही नखांनी फट धरूनच वर गेली असणार. नारळ काढणारा पाडेली पायात दोराचा फास अडकवून साठ फुटांवर चढतो, त्याच्या तळव्यांची कातडी वर्षानुवर्षांच्या घासण्याने वेगळीच झालेली असते. ही शक्ती चाव्याने येत नाही, पण येते.

आणि एक शक्ती तर वंशातून आलेली, अगदी खरी आहे. पाण्यात तोंड बुडवलं की प्रत्येक माणसाची नाडी मंदावते, आणि पाणथरी, म्हणजे प्लीहा, आकसून साठवलेल्या लाल पेशी रक्तात सोडते. आपल्यातच असलेली ही प्राणवायूची छोटी टाकी आहे. आग्नेय आशियात बजाऊ नावाचे लोक आहेत, पिढ्यानपिढ्या एका श्वासावर समुद्रात बुड्या मारून पोट भरणारे. २०१८ साली संशोधकांनी त्यांची पाणथरी मोजली. ती जमिनीवरच्या शेजारी जमातीपेक्षा सुमारे ५० टक्के मोठी निघाली. त्यांच्यातल्या कधीच बुडी न मारणाऱ्यांचीही मोठी, म्हणजे हे नुसत्या सरावाने आलेलं नव्हे. त्यामागचं जनुकही त्यांना सापडलं. अशी शक्ती एका माणसात उगवत नाही. एका श्वासावर जगलेल्या कित्येक पिढ्यांची ती कमाई आहे. खडपांवर बुड्या मारून शिनाणे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढणारी आमच्याकडची माणसं पाहते तेव्हा मला वाटतं, नायक इथे शोधावा. त्याला काही चावण्याची गरजच नाही. त्याच्या आजोबांच्या आजोबांपासून कथा सुरू करावी.

राहिला मुखवटा. वाडीत तो टिकणं कठीण. चालण्यावरून, खोकल्यावरून माणूस ओळखतात इथे. पण कोकणाने याचं उत्तर कधीच शोधून ठेवलंय. दशावतारात रात्री मुकुट घालून गर्जणारा राजा दिवसा शेतात नाहीतर मोलमजुरीला असतो, हे प्रेक्षकांतल्या सगळ्यांना माहीत असतं. तो स्वतःच रंग लावतो, स्वतःची पेटी स्वतः उचलतो, लिहिलेल्या संहितेशिवाय पहाटेपर्यंत बोलतो. त्या रात्रीपुरतं त्याला त्याच्या नावाने कुणी हाक मारत नाही. ओळख लपलेली नसते, गावाने मिळून ती बाजूला ठेवलेली असते. वास्तववादी मराठी सुपरहिरोचा मुखवटा असाच असावा असं मला मनापासून वाटतं. कायदाही थोडा साथ देतो. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं आणि अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं. पुढच्या वर्षीच्या नियमांनुसार त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. दरीतून कुणाला वर काढून नाव न सांगता निघून जाण्याचा हक्क आज कुणालाही आहे.

या मे महिन्यात गेले तेव्हा भाच्याने वही पुढे केली. त्याने सिनेमा लिहायला घेतलाय. पहिल्या पानावर गडगा, चेंडू, विंचू. दुसऱ्यावर रिक्षा. तिसऱ्या पानावर खाटेवर एक मुलगा आडवा आणि शेजारी खुर्चीत एक मोठा माणूस, त्याचा हात मुलाच्या खांद्यावर. चौथं पान कोरं होतं.

"पुढे काय?" मी विचारलं.

"तो अजून उठूक नाय," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाईंनी उठू नको म्हणून सांगितल्यानी हा."